खोकू नका, बोला

अप्पा गेल्याची बातमी मला आमच्या भाताच्या गिरणीत कळली. सुगी आटोपलेली, पोत्यांची थप्पी पार छतापर्यंत गेलेली, यंत्राच्या घरघरीत कुणाचं कुणाला ऐकू जात नव्हतं. माझे यजमान, प्रकाश, दारात येऊन उभे राहिले. आत येईनात, बोलेनात, नुसते खोकत होते. मी बटण दाबून यंत्र बंद केलं आणि म्हटलं, "खोकू नका, बोला." तेव्हा म्हणाले, "अप्पा गेले." कसे गेले, कधी गेले, हे विचारायचं मला सुचलंच नाही. माझ्या तोंडून निघालं ते, "कुठं?" प्रकाश गोंधळले. "कुठं म्हंजे? घरात. पलंगावर. चहा घेतला, पेपर मागितला, माई पेपर आणाय वळली तेवढ्यात..." मी तिथल्याच एका पोत्यावर टेकले आणि म्हटलं, "बरं झालं."

गिरणीत चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांनी ऐकलं. आमच्या उत्रोलीत बातमी फिरायला वेळ लागत नाही. अप्पांना घरातून बाहेर काढायच्या आत अर्ध्या गावाला कळलं होतं, की चुलत सासरा गेला तर वैजू "बरं झालं" म्हणाली. म्हणू देत. आज काही आठवडे उलटून गेलेत, पेपरच्या पुरवणीसाठी अप्पांवर लिहा म्हणून निरोप आला, तेव्हा पहिलं वाक्य मनात तेच आलं. बरं झालं. अप्पा रस्त्यावर गेले नाहीत, कुणाला सोबत घेऊन गेले नाहीत, आपल्या पलंगावर, आपल्या उशीवर गेले. एवढं मला का वाटलं, ते सांगायचं तर अप्पा कोण होते तिथून सुरुवात करायला हवी.

अप्पा म्हणजे माझे थोरले चुलत सासरे. मूळचे गुंजवण्याचे, राजगडाच्या पायथ्याचे. शाळा वेल्ह्यात, पुढं भोरात, तिथून हवाई दलात, आणि तिथून प्रवासी विमानांत. धरणात जमीन गेली तेव्हा घरच्यांनी बिऱ्हाड उत्रोलीला हलवलं. अप्पा त्या वेळी कुठल्या तरी समुद्रावरून विमान नेत असणार. स्वतःला मूलबाळ नाही, त्यामुळं प्रकाशला त्यांनी आणि माईंनी, म्हणजे माझ्या चुलत सासूबाईंनी, पोटच्या पोरासारखं वाढवलं. नोकरीच्या शेवटच्या बऱ्याच वर्षांत त्यांच्याकडं एक वेगळं काम होतं. पायलट म्हणून कुणाला घ्यायचं, घेतल्यावर त्याला काय काय शिकवायचं, आणि किती शिकला म्हणजे माणसांनी भरलेलं विमान त्याच्या हातात द्यायचं, हे ठरवायचं काम. त्या विमान कंपनीचे सगळे निकष अप्पांच्या टेबलावरून पुढं जायचे. गावाला ते काही कळायचं नाही. विमान चालवणाऱ्या माणसाला कचेरीत बसवलं म्हणजे नक्की काही तरी भानगड झाली असणार, अशी लोकांची समजूत. बायका माईंना हळूच विचारायच्या, "काय चुकलं का गं त्यांचं?" माई चिडायच्या. त्यांना नवऱ्याचा भारी अभिमान, आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही.

माझी आणि अप्पांची पहिली भेट माझ्या लग्नाच्या पंगतीत झाली. नवरा-नवरी आणि घरची वडीलधारी मंडळी अशी शेवटची पंगत बसली होती. अप्पा समोरच. कोट घातलेला, काळ्याभोर मिशा, आणि त्या मिशांना मठ्ठा लागलेला. असा तसा नाही, चांगला पांढराशुभ्र पट्टाच. वाढपी बघत होते, माझे सासरे बघत होते, प्रकाश तर टक लावून बघत होते, पण बोलायची कुणाची छाती होईना. एक जण खोकला, मग दुसरा खोकला. अप्पांना वाटलं मिरची लागली, ते पाणी आणायला सांगायला लागले. मला राहवेना. मी नवी नवरी, डोक्यावर पदर, मुंडावळ्या अजून कपाळाला, आणि मी म्हटलं, "अप्पा, मिशीला मठ्ठा लागलाय." माझी आई तिकडून डोळे वटारत होती. अप्पांनी रुमालानं मिशी पुसली, रुमाल बघितला, मग सगळ्या पंगतीवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "एवढी माणसं बसल्याली, आन सांगितलं ते आज आल्याल्या पोरीनं. ही पास." मला वाटलं चेष्टा करताहेत. ती चेष्टा नव्हती, हे पुढं बऱ्याच वर्षांनी कळलं.

कारण त्यांच्या निकषांत हीच गोष्ट सगळ्यात वर होती. उमेदवाराचं गणित बघायचे, डोळे-कान तपासून घ्यायचे, हात किती स्थिर आहेत ते बघायचे. ते सगळेच बघतात. पण अप्पांनी एक परीक्षा स्वतःची घातली होती. जमिनीवर ठेवलेलं एक नकली कॉकपिट असतं, त्याला सिम्युलेटर म्हणतात. त्यात अप्पा स्वतः मुख्य पायलट म्हणून बसायचे, शेजारी उमेदवाराला बसवायचे, आणि मुद्दाम एक चूक करायचे. डोंगर असेल तिथं विमान हळूहळू खाली आणायचे. आता शेजारी बसलेला माणूस सगळ्यात मोठा साहेब, त्याच्या एका सहीवर आपली नोकरी. अशा वेळी तो पोरगा काय करतो, ते अप्पांना बघायचं असायचं. ज्याला चूक दिसलीच नाही, त्याला ते परत शिकवायचे. पण ज्याला दिसली आणि जो अदबीनं गप्प बसला, त्याला नापास. मग त्याचे बाकीचे गुण काहीही असोत. आणि शिकवतानाही त्यांचा एकच पाठ. पहिल्यांदा सांगायचं. ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा स्पष्ट सांगायचं. तरी ऐकलं नाही तर ताबा घ्यायचा, आणि घेतला असं तोंडानं म्हणायचं. आणि समोरचा कितीही मोठा असला तरी त्यानं "दिला" म्हणून हात काढून घ्यायचे. त्यात मानापमान आणायचा नाही.

हे कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, गुंजवणी धरणाच्या पाण्याकडं बघत बसलो होतो तेव्हा. तरुणपणी ते दुय्यम पायलट होते. शेजारी एक नावाजलेले, पिकल्या केसांचे कॅप्टन. एका डोंगराळ गावच्या विमानतळावर उतरत होते, ढग होते, आणि कॅप्टननं उंची चुकीची धरली. अप्पांना दिसलं. "दिसलं गं मला. अगदी सपष्ट दिसलं. पन आमच्या घरात आजोबा बोलत असले की आमी मान वर करत नव्हतो. जीभ टाळ्याला चिकटली. म्या नुसता खोकलो." कॅप्टनना वाटलं पोराला सर्दी झाली. तेवढ्यात खालून रेडिओवर कुणी तरी उंची विचारली, कॅप्टनच्या लक्षात आलं, त्यांनी विमान वर घेतलं. नंतर त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. अप्पा म्हणाले, "विमान उतरलं. लोकं आपापल्या पिशव्या घेऊन घरी गेली. एका पोराच्या अदबीपायी आपण मरणार हुतो, हे त्यांना कधी कळलंच न्हाई..." आमच्या घरात कुणी खोकलं, की अप्पा म्हणायचे, "खोकू नको, बोल." त्या दिवसापासून ते वाक्य मला नुसतं घरातलं राहिलं नाही.

भोरच्या नसरीनची गोष्ट इथंच सांगायला हवी. तिच्या अब्बांचं भोरात टायरचं दुकान. पोरगी हुशार, जिद्दीची, विमान शिकून आली आणि अप्पांच्याच कंपनीत परीक्षेला बसली. अप्पांनी तिला नापास केलं. झालं, सगळं भोर आमच्या घरी. आपल्या गावची पोरगी, एवढं शिकलेली, आणि आपल्याच माणसानं तिला पाडावं? अप्पा सुट्टीला आलेले असले की सगळ्यांना चहा द्यायला लावायचे आणि एवढंच सांगायचे, की हात तिचे फार चांगले आहेत, सहा महिन्यांनी परत येऊ शकते. नापास का केलं, ते सांगायचे नाहीत. सांगितलं तर परीक्षाच उरत नाही. शेवटी नसरीन स्वतः आली. अप्पा कामावर होते. ओसरीत माईंजवळ बसून ती पोटभर रडली. मी तेव्हा आतल्या खोलीत माझ्या धाकट्याला निजवत होते, मला शब्द कळले नाहीत, नुसता माईंचा समजावणीचा आवाज येत होता. सहा महिन्यांनी ती परत परीक्षेला बसली. अप्पांनी चूक केली, तिनं सांगितलं. अप्पा तिच्यावर खेकसले, "तू मला शिकवणार का?" तिनं परत सांगितलं. तिसऱ्यांदा ताबा घेतला. त्या सुट्टीला अप्पा घरी आले ते पेढे घेऊनच, आणि पेढे कशाचे ते मात्र सांगेनात. नसरीन आज स्वतः कॅप्टन आहे.

निवृत्त झाल्यावर अप्पा कायमचे उत्रोलीला येऊन राहिले आणि त्यांनी एक जुनी जीप घेतली. त्या जीपवर त्यांचा जीव. बाजाराला भोरात, कधी नसरापूरला, कधी जुन्या गावाकडं गुंजवण्याला. कुणाची बाळंतीण असो, कुणाचा आजारी म्हातारा असो, अप्पांची जीप हजर. शेजारपाजारची पोरं मागं कोंबलेली असायची ती वेगळीच. आणि नियम असा, की दर वर्षी दिवाळी झाली की घरातल्या एका माणसानं शेजारी बसून अप्पांची परीक्षा घ्यायची. विमान चालवणाऱ्याला ठरावीक काळानं तपासतात, मग जीप चालवणाऱ्याला का नको? गावाला हा मोठा विनोद वाटायचा. पहिली काही वर्षं परीक्षक प्रकाश. ते परत आले की सांगायचे, "एकदम झकास, अप्पा." एका वर्षी अप्पांनी विचारलं, "काय काय चुकलं माझं?" प्रकाश म्हणाले, काहीच नाही. अप्पांनी कापूरहोळला वळताना मुद्दाम हात दाखवला नव्हता, पुढं एका एसटीला चुकीच्या बाजूनं मागं टाकलं होतं. म्हणाले, "तू एक तर बघत न्हाईस, न्हाई तर मला भितोस. तू नापास." म्हणजे परीक्षा अप्पांची आणि नापास आमचे हे. हसून हसून माझी पुरेवाट झाली. हसायचं थांबलं ते पुढच्या वाक्यानं. "इथून पुढं वैजू बघंल."

आता हे तुमच्या लक्षात यावं म्हणून सांगते. सून सासऱ्यांसमोर गाडीत पुढच्या सीटवर बसते इथपर्यंत ठीक, पण तिनं सासऱ्यांची परीक्षा घ्यायची? तीही अशा सासऱ्यांची? माईंना ते अजिबात पटलं नव्हतं. पण अप्पांपुढं कुणाचं काय चालणार. जीप चालवायला मला त्यांनीच शिकवलं होतं. मी दोन दिवाळ्या परीक्षा घेतली. बारीकसारीक चुका काढल्या, अप्पा खूश झाले, मी पास केलं. तिसऱ्या दिवाळीनंतर मात्र मनात पाल चुकचुकत होती. उजव्या हाताला ठेवलेली पाण्याची तांब्याभांडी अप्पांच्या धक्क्यानं पडायला लागली होती. दारातून जाताना उजवा खांदा चौकटीला लागायचा. विचारलं तर म्हणायचे, "दार अरुंद झालंय."

त्या दिवशी आम्ही नसरापूरवरून मार्गासनीला गेलो आणि तिथून साखर गावाच्या बाजूनं गुंजवण्याच्या रस्त्याला लागलो. भातकापणी जोरात होती, रस्त्याच्या दोन्ही अंगाला पेंढ्या. उजव्या हाताच्या खाचरातून एक बाई डोक्यावर भाताचा भारा घेऊन बांधावरून रस्त्यावर चढत होती. भाऱ्याखाली तिला काय दिसणार, पायापुरतं. बघायचं काम आमचं होतं. मी म्हटलं, "अप्पा, उजवीकडं बाई." जीप तशीच. मी परत म्हटलं, "अप्पा, ब्रेक." अप्पा शांतपणे समोर बघत होते. त्यांच्या लेखी रस्ता रिकामा होता, आणि त्यांच्या लेखी शेजारी बसलेली पोरगी उगीच घाबरत होती. खरं सांगते, त्या क्षणी माझ्याही घशाशी खोकलाच आला होता. पण हात पुढं गेला. एका हातानं स्टिअरिंग धरलं, दुसऱ्या हातानं हँडब्रेक ओढला आणि म्हटलं, "गाडी माझ्याकडे."

अप्पांनी एका पळाचा उशीर केला नाही. दोन्ही हात वर उचलले, पाय काढून घेतले आणि म्हणाले, "गाडी तुझ्याकडं." जीप आचके देत बंद पडली. भाऱ्याच्या लोंब्या बॉनेटला घासून गेल्या. भाऱ्याखालून आवाज आला, "डोळं फुटलं का काय रं तुमचं?" आणि ती बाई आपल्या वाटेनं चालती झाली. अप्पांनी ती बाई पाठमोरी बघितली, ती नजरेआड होईपर्यंत बघितली. मग विचारलं, "निकाल?" मी म्हटलं, "नापास, अप्पा." त्यांनी विचारलं, "कारण सांग. कारण दिल्याबिगर निकाल न्हाई द्यायचा." मी सांगितलं, की उजवीकडचं दिसलं नाही आणि दोनदा सांगून ऐकलं नाही. "बरोबर," म्हणाले, खाली उतरले, जीपला वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि मला उजवीकडं सरकायला सांगितलं. वर म्हणाले, "सीट पुढं घे. तुझं पाय न्हाई पुरायचं." उंच माणूस तो, आणि मी ही एवढीशी. मी सीट पुढं ओढली, आरसा खाली केला आणि जीप घरी आणली. पुण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुढं काचबिंदू सांगितला. समोरचं स्वच्छ दिसत होतं, कडेचं गेलं होतं, आणि असं जातं तेव्हा माणसाला स्वतःला कळत नाही म्हणाले.

पण डॉक्टर नंतरचे. त्या संध्याकाळी माईंनी बघितलं ते एवढंच, की जीप वैजूनं आणली आणि अप्पा डाव्या बाजूनं उतरले. अप्पांनी सरळ सांगून टाकलं, "वैजूनं नापास केलं मला." माईंनी माझ्या हातातून किल्ली घेतली, दाराजवळच्या खिळ्याला अडकवली आणि म्हणाल्या, "ज्यानं देशभरातलं पायलट तपासलं, त्याला गिरणीवालीनं नापास केलं." त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. भांडण नाही, तंटा नाही. मी समोर बसलेली असायची आणि माई प्रकाशला सांगायच्या, "तिला म्हनावं, चहा निवतोय." डॉक्टरांचं कळल्यावर वाटलं आता बोलतील. तर म्हणाल्या, "मग डॉक्टरनं सांगितलं असतं की. घरातल्या पोरीनं कशाला सांगायचं?" मला लागायचं ते. फार लागायचं. पण मला त्यांचं दुःखही कळत होतं. डोळे गेले ते त्यांनी सोसलं असतं. निकाल सुनेच्या तोंडून आला, तो सोसवत नव्हता. मी चालवत असले की माई जीपमध्ये पाय ठेवायच्या नाहीत, एसटीनं जायच्या.

आणि मला दुसरीच धास्ती. किल्ली तिथंच, उघड्यावर, खिळ्याला. आता चालवणार नाही असा शब्द देऊन ती लपवायला अप्पांनी सक्त मनाई केली होती. प्रकाश त्यांचा टेम्पो सोडून जीपला हात लावत नाहीत, म्हणजे जीप चालवणार तर मीच, नाही तर अप्पा. मी दिवसभर गिरणीवर. दुपारी सगळे झोपलेले असताना या माणसाला वाटलं, जावं जरा ओढ्यापर्यंत, तर कोण अडवणार? फोन वाजला की मी आधी विचारायची, अप्पा कुठं आहेत? म्हणून बाजाराच्या दिवशी मी जीपमध्ये चढायची ती आधी सीटकडं बघत. सीट माझ्या मापाला पुढं आहे का, आरसा माझ्या उंचीला आहे का. अप्पांनी चालवली असती तर सीट मागं गेलीच असती, नाही तर त्यांचे गुडघे कुठं मावणार? सीट कधी हललेली नसायची. एकदा अप्पांनी मला पकडलं. डाव्या सीटवर बसत विचारलं, "काय बघतीस? मागं सरकलीया का?" मी ओशाळले. ते म्हणाले, "लाजू नगंस. दर येळी बघत जा. माझ्यावर इश्वास ठिवू नगंस, सीटवर ठेव." आणि मग रोजच्यासारखं मी म्हणायचं, "गाडी माझ्याकडे," त्यांनी म्हणायचं, "गाडी तुझ्याकडं," आणि मगच किल्ली फिरवायची. असं पुढं दोन सुग्या चाललं. शेजारी बसून माझ्या चुका काढण्यात त्यांना इतकी मजा यायची, की घाटात बोलून बोलून जीव नकोसा करायचे. आता कुणी चुका काढत नाही. मार्गासनीच्या वळणावर परवासुद्धा मी उगाच डावीकडं बघितलं.

तर म्हणून मी विचारलं होतं, "कुठं?" आणि म्हणून म्हटलं होतं, "बरं झालं."

तेराव्यानंतर नसरीन भेटायला आली. साधा सलवार-कुडता, डोक्यावर ओढणी, कॅप्टन वगैरे कुणी म्हणालं नसतं. अप्पांच्या पलंगाकडं बघत बराच वेळ बसली. माई तिच्याशी बोलत होत्या, मी चहाचे कप ठेवत होते, आणि माई तिला म्हणाल्या, "हिला म्हनावं, साखर कमी घाल." नसरीननं माझ्याकडं बघितलं, माईंकडं बघितलं. तिला काय आणि किती ठाऊक होतं, देव जाणे. अप्पा तिच्याशी फोनवर बोलायचे, कदाचित सगळं ठाऊक असेल. ती म्हणाली, "माई, सरांनी मला नापास केलं तेव्हा मी इथंच रडत बसले होते. तुम्ही मला काय म्हणालात, आठवतं का?" माईंना आठवेना. "तुम्ही म्हणालात, 'नापास केलं म्हंजे टाकलं न्हाई गं तुला. टाकायचं असतं तर पास करून मोकळं झालं असतं.'" माईंनी पदर सारखा केला, उठल्या, आत गेल्या. मला वाटलं, नसरीन उगाच बोलली. कप तसेच निवून गेले.

परवा वेल्ह्याला जायचं होतं. अप्पा गेल्यापासून जीप जागची हलली नव्हती. गुंजवण्याकडच्या जमिनीच्या उरलेल्या तुकड्याला माईंचं नाव लावायचं, त्यासाठी तहसील कचेरीत माईंना स्वतःला हजर राहायला सांगितलं होतं. ठरलं असं, की माई नेहमीप्रमाणं एसटीनं येतील आणि मी जीपनं कागद घेऊन पुढं जाईन. मी खिळ्यावरची किल्ली काढली, जीपचं दार उघडलं आणि सवयीनं सीटकडं बघितलं. माझ्या मापाला. आरसा माझ्या उंचीला. आता बघायचं काही कारण उरलं नव्हतं, तरी बघून छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. त्या माणसानं शेवटपर्यंत शब्द पाळला होता. मी बसले आणि तेवढ्यात डावं दार उघडलं. माई. हातात पिशवी, पायात बाहेरच्या चपला. एसटी वेळेवर होती, स्टँडवर उभीही असेल. माई काही न बोलता अप्पांच्या जागेवर बसल्या आणि समोर बघायला लागल्या. अप्पा तिथं बसून बसून सीटला खड्डा पडलाय, त्यात त्या पार खाली गेल्या.

मीही समोरच बघत होते. हात किल्लीवर, आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं, "गाडी माझ्याकडे." म्हटलं आणि जीभ चावली. उत्तर द्यायला कोण होतं आता? किल्ली फिरवायला हात उठेना. आणि शेजारी माई खोकल्या. परत खोकल्या.

मी म्हटलं, "माई, खोकू नका, बोला."

"गाडी तुझ्याकडं," माई म्हणाल्या. मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चल गं आता वैजू, सायेब जेवाय जाईल."